कढीपत्त्यावरची अळी आणि सकाळची वीस मिनिटं : तुम्ही काय न्याहाळता?

दुपारची_सावली | १२ जुलै, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचत) असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही परळला चौथ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी म्हणजे ग्रिलच्या आतला अडीच फुटी पट्टा. त्यात वॉशिंग मशीन, दोरीवरचे कपडे आणि तेलाच्या डब्यात लावलेला कढीपत्ता. जूनच्या शेवटी एका पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं. पुसायला फडकं घेतलं तर ते हललं. अळी होती. उचलून खाली टाकणार तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, एवढासा जीव, किती खाणार आहे?"

हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं, कारण त्याआधी दीड महिना आम्ही दोघी कामापुरतंच बोलत होतो. कारण इथे सांगत नाही. चूक दोघींची आहे.

मार्चमध्ये माझी नोकरी गेली. तेव्हापासून रात्री झोप धड नाही आणि पहाटे डोळे उघडले की छातीत धडधड. फोनवर ध्यानाचं ॲप घेऊन बघितलं. पण श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की मला धापच लागते. या अळीपुढे मात्र स्टूल टाकून बसते ती वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. काल तिने कात टाकली आणि एकदम हिरवीगार झाली. खाते कशी ते सांगू? पानाची कड सहा पायांत धरते, मान लांब करते आणि वरून खाली चरत येते, शिवणयंत्रावर कड मारावी तशी. खाली पोचली की मान उचलून परत वर. पान संपलं की मधली शीरसुद्धा खाते. चुकून बोट लागलं तर डोक्यामागून नारिंगी शिंग बाहेर काढते, त्याला आंबूस उग्र वास येतो, आणि क्षणात आत घेते.

तेवढा वेळ धडधड नसते. मी काहीच करत नाही, फक्त बघते. तुम्ही असं काही बघता का? मुंबईत कुठे बघता? आणि यात खरंच काही आहे, की माझ्या मनाचे खेळ?

---

भाकरतुकडा | १२ जुलै, सकाळी ८:१५

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमटीला कढीपत्ता बाजारातून आणा, हा डबा आता तिचा.

---

अळीमिळी | १२ जुलै, सकाळी ९:०२

सावलीताई, किती छान टिपलंय! ही लिंबाळी फुलपाखराची अळी असणार. लिंबू, बेल, कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली झाडं आणि मादी नेमकी त्यांच्यावरच अंडी घालते. अळी लहानपणी शीटेसारखी दिसते ती पक्ष्यांना फसवायला. शेवटची कात टाकली की हिरवी होते. ते शिंग म्हणजे तिचं हत्यार, वासाने मुंग्या आणि कोळी लांब राहतात.

आपल्या राज्याचं फुलपाखरू नीलवंत, तेही याच घराण्यातलं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला तो मान दिला.

दोन-चार दिवसांत ती खाणं थांबवेल, खूप भटकेल. घाबरू नका. जागा पसंत पडली की कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून टेकून बसेल आणि रात्रीत कोष होईल. कोषाला हात लावू नका आणि बरणीतही ठेवू नका. पुढे काय होतं ते इथे नक्की लिहा.

---

शंकासुर | १२ जुलै, दुपारी १:४०

लिहिलंय छान, पण मला मनापासून एक विचारायचंय. हे सगळं कोणाला परवडतं? मी असल्फ्याला राहतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. आई पहाटे पाचला पाण्यासाठी उठते, मी सातला बाहेर पडतो, रात्री नऊला परत. खिडकी उघडली की चार फुटांवर समोरच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप. निसर्ग न्याहाळा म्हणणारे लोक बहुतेक वेळा ज्यांच्या खिडकीबाहेर झाड आहे असेच असतात. ताईंना उद्देशून नाही, एकंदरीत बोलतोय. राग मानू नये.

---

मिठागर | १२ जुलै, रात्री १०:२०

@शंकासुर, राग कसला, रास्त आहे तुमचं म्हणणं. माझ्याही खिडकीबाहेर झाड नाही. माझी खिडकी म्हणजे सकाळची ६:४८ची विरार लोकल, तीसुद्धा सुदैवाने जागा मिळाली तर.

अकरा वर्षं नायगाव ते चर्चगेट करतोय. नायगाव सुटलं की खाडीवरचा पूल, मध्ये पाणजू बेट, मग दुसरा पूल आणि भाईंदर. तीन-चार मिनिटांचा खेळ. पहिली पाच-सहा वर्षं मी तेवढ्यात डुलकी काढायचो. मग एका हिवाळ्यात शेजारच्या गृहस्थांनी कोपराने ढोसलं आणि नुसतं बोट दाखवलं. मिठागराच्या पाण्यात शेकाट्यांचा थवा. लालगुलाबी काडीसारखे लांब पाय, पाण्यात पडलेली त्यांची प्रतिबिंबं आणि मागून येणारं कोवळं ऊन. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

तेव्हापासून आम्ही दोघं रोज बघतो. खंड्या तारेच्या कुठल्या खांबापाशी असतो ते आता ठाऊक झालंय. खाडी भरलेली की उतरलेली, पाण्याचा रंग कसा, मिठाचे ढीग कधी दिसू लागतात आणि पावसाआधी कधी झाकले जातात, सगळं कळतं. त्या गृहस्थांचं आडनाव मला चार वर्षं माहीत नव्हतं. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. आता मी एकटाच बघतो आणि थवा दिसला की संध्याकाळी त्यांना फोन करतो.

तीन मिनिटं. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

---

हिंदूकॉलनीतले_काका | १३ जुलै, सकाळी ६:३०

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. टंकायला वेळ लागतो, तरी लिहितो.

आमच्या दारात वर्षावृक्ष आहे. लोक त्याला रेन ट्री म्हणतात. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचा, पण दादर-माटुंग्याच्या गल्ल्यांवर जी सावली आहे ती बरीचशी याचीच. याची पानं संध्याकाळी मिटतात आणि आभाळ भरून आलं तरी मिटतात. दुपारी चारला दाट हिरवं असलेलं छत साडेसहाला विरळ होतं, मधून आकाश दिसू लागतं. एवढी वर्षं मी या झाडाखालून गेलो, पण पत्नी गेल्यानंतरच हे पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी घरात शिरवत नसे, म्हणून कट्ट्यावर बसायचो. एक दिवस वाटलं, आपल्याला भास होतोय की झाड खरंच मिटतंय? दुसऱ्या दिवशी मुद्दाम एकच फांदी धरून बसलो. घड्याळ लावून पाहिलं तर हालचाल दिसत नाही, पण दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं की पान कललेलं असतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी पिठ्या ढेकूण या किडीने मुंबईतले कितीतरी वर्षावृक्ष वाळले. आमच्या गल्लीतले दोन गेले. हा राहिला. मे महिन्यात छाटणी करणाऱ्यांनी याची सर्वांत खालची फांदी उगीचच तोडली. मी खाली उतरेपर्यंत काम झालं होतं. तीच माझी फांदी होती. चार दिवस कट्ट्यावर गेलो नाही. आता वरची दुसरी धरली आहे, पण ती लांब आहे, चष्मा बदलावा लागला.

सूनबाई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

---

रात्रपाळी | १३ जुलै, सकाळी ९:४५

काका, तुमचा प्रतिसाद वाचून गलबललं.

मी परिचारिका आहे. मूळ प्रश्न आहे ना, की यात खरंच काही आहे का, त्याबद्दल. आम्हाला शिकताना एक अभ्यास सांगितला होता. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, त्यातल्या निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं आणि निम्म्यांच्या बाहेर विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकांचे तीव्र डोस कमी लागले.

आमच्या वॉर्डात पाच खाटा खिडकीकडे आहेत. जानेवारीत समोरच्या नारळावर घारीने घरटं केलं होतं. चौथ्या खाटेवरच्या आजी पायाच्या हाडाच्या ऑपरेशनच्या, दिवसभर कण्हायच्या. एकदा पहाटे चारला तापमान घ्यायला गेले तर जाग्या. म्हणाल्या, "ताई, ती अजून बसलीय का गं? मला अंधारात दिसत नाही." दुसऱ्या दिवसापासून मला घारीचा अहवाल द्यायच्या. नर किती वेळा आला, काय घेऊन आला, एकदा तर लाल रिबीन. डिस्चार्जच्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना त्यांनी घार सोपवली. अक्षरशः सोपवली, "आता तुमच्याकडे लक्ष" असं म्हणून.

---

आकडेमोड | १३ जुलै, सकाळी ११:३०

@रात्रपाळी, उत्तम प्रतिसाद. भर घालतो. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर एक अभ्यास आला होता. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान जास्त चांगलं असल्याचं सांगितलं. एकदम १२० असोत की तुकड्यातुकड्यांनी, फरक पडला नाही. मात्र यावरून कारण-परिणाम सिद्ध होत नाही. ज्याची तब्येत बरी तोच बाहेर पडतो, असंही असू शकतं. सावलीताईंची वीस मिनिटं रोजची धरली तर १४० होतात.

---

प्रमाणभाषा | १३ जुलै, दुपारी १२:१०

अवांतर : माइंडफुलनेसला, म्हणजे समोर आहे त्याकडे पूर्ण लक्ष देण्याला, मराठी शब्द काय? सजगता मला कृत्रिम वाटतो. सावलीताई सांगतात ती तंद्री आहे का?

---

हिंदूकॉलनीतले_काका | १३ जुलै, सायंकाळी ७:०५

तंद्री नव्हे. तंद्रीत माणूस हरवतो, समोरून कोण गेलं कळत नाही. इथे उलट आहे, बारीकसुद्धा दिसतं. कीर्तनात बुवा श्रोत्यांकडे मागतात ते अवधान. हा शब्द मला योग्य वाटतो. अवधान देतात, घेत नाहीत, हेही त्यात आलं.

---

प्रमाणभाषा | १३ जुलै, सायंकाळी ७:४०

काका, दंडवत. अवधान. ठरलं.

---

कानोसा | १४ जुलै, सकाळी ८:२०

इथे सगळे बघण्याबद्दल लिहितायत म्हणून मीही लिहितो. मला जन्मापासून दिसत नाही. फोन मला प्रतिसाद वाचून दाखवतो. मुलुंडला राहतो, डोंगराच्या बाजूला.

पाऊस सुरू झाला की मी पहिली दहा मिनिटं दाराशी उभा राहतो. आमच्या आवारात पत्र्याची शेड, बदामाचं झाड, दोन केळी आणि कोणाचा तरी अळूचा वाफा आहे. पत्र्यावर आवाज सगळ्यांनाच कळतो. पण केळीच्या पानावर थेंब टपटपतो आणि बदामावर तो जाड, पुठ्ठ्यावर पडल्यासारखा लागतो. पान फाटलं असेल तर केळीचा आवाजही बदलतो. अळूवर जवळजवळ आवाज नाही, पाणी नुसतं घरंगळतं. सर ओसरली की बदामाचा पाऊस पाच-सात मिनिटं मागे उरतो. कानांनी मला आख्खं आवार दिसतं.

पक्ष्यांचं म्हणाल तर दयाळ माझा लाडका. थंडीत तो गप्प असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे एक दिवस अचानक गळा सोडतो. तो दिवस मी लिहून ठेवतो. तांबटाने मला वर्षानुवर्षं चकवलंय. टुक टुक टुक एकाच जागेवरून येतं, पण वाटतं इकडे आहे, मग वाटतं तिकडे आहे. एका पक्षीमित्राने सांगितलं की तो ओरडताना मान फिरवतो. म्हणजे डोळस माणसांचीही तो फसवणूक करतो. मला फार बरं वाटलं ते ऐकून.

शंकासुर, तुमच्या पाइपमध्ये पाणी पडताना कसा आवाज येतो?

---

बोरिवलीकर | १४ जुलै, सकाळी १०:००

कानोसा, सलाम. आज पाऊस आला की डोळे मिटून उभा राहणार.

आमच्याकडे तर शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यानच आहे, तुळशी आणि विहार ही दोन तळी पोटात घेऊन. गेली सहा वर्षं दर रविवारी कान्हेरीच्या वाटेवर एकाच दगडावर बसतो. पहिली पंधरा मिनिटं जंगल गप्प असतं, कारण आपण आलेलो असतो. मग सातभाई कलकलाट करत येतात, पाचोळ्यात सरडा सरकतो, माकडं आपल्याला विसरतात. २०१६ च्या पावसाळ्यात कारवी फुलली होती, उतारच्या उतार जांभळे. सात-आठ वर्षांत एकदाच फुलते आणि मरते. तेव्हा मी गर्दीतून फोटो काढत फिरलो. तिच्यावर मधमाश्या किती होत्या ते आज मला आठवत नाही, म्हणून नंतर फोन घरी ठेवून जाऊ लागलो.

आणि हो, तिथे आपण शांत बसलेलो असताना एखादा बिबट्याही आपल्याला शांतपणे न्याहाळत असू शकतो. उजेडात जा, एकटे जाऊ नका.

---

तिसरा_डोळा | १४ जुलै, दुपारी ३:१५

फोटोबद्दल असहमत. कॅमेरा नसता तर मी शिवडीला गेलोच नसतो. जेट्टीवर पहिल्यांदा रोहित (फ्लेमिंगो) बघितले तेव्हा गुलाबी ठिपके एवढंच दिसलं. लेन्समधून कळलं की चोच उलटी करून, डोकं पाण्यात पालथं घालून खातात, चिखलातलं शेवाळ गाळून घेतात. पिल्लं करडी असतात, गुलाबी रंग पुढे खाण्यातून येतो. हे कॅमेऱ्यानेच मला दाखवलं. आता तिथूनच अटल सेतू निघतो, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये झालं आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. या सगळ्यासाठी लोकांनी पाठपुरावा केला, त्यात फोटोंचा वाटा आहे. फोन घरी ठेवणं हे पुण्य आणि फोटो काढणं पाप, असं करू नका.

---

बोरिवलीकर | १४ जुलै, दुपारी ४:००

पाप म्हणालो नाही हो. मला जमत नाही एवढंच. तुम्ही थांबून काढता, मी पळत काढत होतो.

---

नि:शब्द | १४ जुलै, रात्री ९:३०

मला वाटतं नावं आणि माहितीही नको. अळीमिळी यांनी लिंबाळी सांगितलं आणि माझ्यापुरती त्या अळीतली जादू थोडी कमी झाली. नाव कळलं की मन म्हणतं झालं, कळलं, आणि पुढे सरकतं.

---

अळीमिळी | १४ जुलै, रात्री १०:४५

@नि:शब्द, तुमचं म्हणणं समजतंय, तरी मला उलट अनुभव आहे. नाव कळल्यावर माझं बघणं सुरू होतं. कोकीळ हे नाव कळेपर्यंत मला कुहूकुहू एवढंच ऐकू यायचं. मग कळलं की तो काळा, लाल डोळ्यांचा नर, आणि ठिपकेवाली मादी वेगळीच, किक किक असं ओरडणारी. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. आता मे महिन्यात कावळे तिच्यामागे लागले की मला आख्खी गोष्ट दिसते.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचंच बघा. जन्म १८९६ चा, मुंबईतलाच. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली चिमणी, हा प्रश्न पडला म्हणून तो मुलगा १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी नाव सांगितलं, कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. त्याचं नाव विचारणं तिथे थांबलं नाही, आयुष्यभर चाललं.

---

नि:शब्द | १५ जुलै, सकाळी ७:१०

हे पटलं. अर्धं पटलं. पहिल्या दिवशी नाव न विचारता बघीन, दुसऱ्या दिवशी विचारीन.

---

वर्सोव्याची_लेक | १५ जुलै, दुपारी २:३०

समुद्राबद्दल कोणीच लिहिलं नाही, मुंबईचा धागा असून!

आम्ही कोळी. माझे बाबा घड्याळ न बघता भरती सांगतात. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. हे एकदा समजलं की भिंतीवरचं कालनिर्णय बघून किनाऱ्यावर कधी जायचं ते ठरवता येतं. पुनवेनंतर एक-दोन दिवसांनी सकाळी सात-साडेसातला ओहोटी मिळते. ती वेळ सर्वांत चांगली.

पाणी गेल्यावर वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते ना? ज्वारीच्या दाण्याएवढे गोळे, मधल्या बिळापासून बाहेर किरणांसारखे पसरलेले. नखाएवढे खेकडे ते करतात. वाळू तोंडात घालतात, त्यातलं खाण्याजोगं घेतात आणि उरलेल्याचा गोळा मागे टाकतात. तुम्ही चालत गेलात की सगळे बिळात. उकिडवं बसून राहिलात, सावली हलू दिली नाही, तर चार-पाच मिनिटांत एक डोळा वर येतो. मग दुसरा. मग अख्खी वाळू कामाला लागते. पुढची भरती येऊन सगळं पुसते आणि ते परत पहिल्यापासून सुरू.

लहानपणी बाबा मला तिथे बसवून जाळं बघायला जायचे. "गोळे मोज" सांगायचे. मला एका जागी बसवण्याची ती युक्ती होती, हे खूप उशिरा कळलं.

---

दुपारची_सावली | १६ जुलै, सकाळी ८:३०

सगळ्यांचे किती आभार मानू! काका, नमस्कार पोचवला. सासूबाईंनी विचारलं, कोण हे काका. मग त्यांना पूर्ण धागा वाचून दाखवला. कानोसांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

अळी परवा खाईनाशी झाली. कुंडीवर, भिंतीवर, कपड्यांच्या दोरीवर भटकत होती. काल रात्री ग्रिलच्या उभ्या सळईवर स्थिर झाली. अळीमिळी म्हणाल्या तसा कमरेला धागा. आज सकाळी हिरवा कोष! वॉशिंग मशीन लावायचं बंद केलंय, हादऱ्याने पडेल म्हणून. दोघी मिळून कपडे हाताने धुतोय.

---

शंकासुर | २० जुलै, रात्री ११:१५

कानोसा यांनी पाइपचं विचारलं होतं. पाच दिवस डोक्यात बसलं.

रविवारी पाऊस होता. खिडकीत उभा राहून ऐकलं. वरच्या मजल्यांवरून पाणी आलं की आधी घोंगावतं, मग दणका, मग गुळणी केल्यासारखा आवाज. जोडापाशी गळतं, तिथे भिंत हिरवी झालीय. ते हिरवं म्हणजे शेवाळ असं इतकी वर्षं समजत होतो. नीट बघितलं तर त्यात पिंपळाचं वीतभर रोप आहे. सात पानं. वरची दोन तांबूस, इतकी पातळ की मागचा उजेड दिसतो. हवा नसली तरी टोकं हलतात.

माझा मुद्दा मी सोडलेला नाही. पाच माणसांच्या खोलीत वीस मिनिटं शांत बसणं ही चैनच आहे. पण पाइप बघायला मला चार मिनिटं लागली. आईला दाखवलं. ती म्हणाली, "तुला आज दिसला होय? मी पाणी भरताना रोज बघते. चार पानांचा होता तेव्हापासून."

---

हिंदूकॉलनीतले_काका | २१ जुलै, सकाळी ६:१०

शंकासुर, एखाद्या पक्ष्याने पिंपळाचं फळ खाल्लं असेल आणि त्याच्या विष्ठेतून बी त्या फटीत पडलं असेल. असंच रुजतं ते. इमारतीला मात्र मूळ धोक्याचं. थोडं वाढलं की हलक्या हाताने काढून कुंडीत लावता येईल. आणि आईसाहेबांना नमस्कार.

ता. क. शंकासुर नावाचं सुरेख फुलझाड आहे, तांबड्या-पिवळ्या फुलांचं. राणीच्या बागेत मिळतं का बघा.

---

दुपारची_सावली | ३ ऑगस्ट, सकाळी ९:००

जड मनाने लिहितेय.

कोष दहा-बारा दिवसांत उघडेल असं वाटत होतं. उघडला नाही. हळूहळू काळपट तपकिरी झाला. अळीमिळी यांना व्यक्तिगत निरोपातून विचारलं तर म्हणाल्या, थोडं थांबा. काल सकाळी बघितलं तर कोषाला बाजूला टाचणीने पाडल्यासारखं भोक. त्यातून बारीक, चमकदार, माशीपेक्षा कितीतरी लहान किडे एकेक करून बाहेर येत होते. मी वीस मोजले. बाहेर आला की सळईवर थांबायचा, पुढच्या पायांनी डोकं पुसायचा, पंख सरळ करायचा आणि उडायचा.

मला रडू आलं. फुलपाखराचं वाईट वाटलंच, पण नोकरी गेल्यापासून जे आलं नव्हतं ते सगळं आलं. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. पाठीवर हात ठेवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मीही नाही. शेवटचा किडा उडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग त्यांनी मे महिन्यातलं काढलं. दीड तास बोललो.

---

अळीमिळी | ३ ऑगस्ट, सकाळी ९:४०

ताई, वाईट वाटलं. त्या परजीवी गांधीलमाश्या. कात टाकून नुकताच मऊ असलेला कोष शोधून त्यात अंडी घालतात, आतच वाढतात. हे फार वेळा घडतं. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. अशा माश्या नसत्या तर कढीपत्त्याला पान राहिलं नसतं, हे खरं असलं तरी आज त्याने समाधान होणार नाही, ठाऊक आहे.

---

रात्रपाळी | ३ ऑगस्ट, दुपारी ४:२०

ताई, एक घट्ट मिठी. आमची घारही एकाच पिल्लाला उडवू शकली. दुसऱ्याचं आजींना सांगायचं धाडस मला झालं नव्हतं. त्यांनीच विचारलं, आणि मग म्हणाल्या, "मला दिसलं होतं गं, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

---

मिठागर | ३ ऑगस्ट, रात्री १०:५०

गाडीत वाचला हा प्रतिसाद. फोन लावून निवृत्त मित्राला वाचून दाखवला. ते म्हणतात, त्या ताईंना सांग, बसायची जागा सोडू नका म्हणावं.

---

दुपारची_सावली | ९ ऑगस्ट, सकाळी ७:३५

नाही सोडली. स्टूल आता दोन आहेत.

आज सासूबाईंनाच आधी दिसलं. कोवळ्या शेंड्याच्या पानावर एक फिकट पिवळा टिपका, मोहरीएवढा, गुळगुळीत. चष्मा लावून, मग माझ्या फोनचा उजेड धरून दोघींनी खात्री केली. शेजारच्या पानावर आणखी एक. डाळ चुलीवर होती, फोडणी द्यायची राहिली होती. त्यांनी लसूण जास्त घातला.